टॅब, इंडेंट आणि कॉलम: वर्ड फाइलमधला सरकलेला मजकूर रेषेत कसा आणायचा

पडद्यावर रकाने सरळ दिसतात, पण फॉन्ट बदलला, एखादं नाव लांबलं किंवा फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की सगळं वाकडं होतं. अशा बहुतेक फाइलींत दोष एकच सापडतो. मधली जागा स्पेसबार किंवा टॅबची कळ चार-सहा वेळा दाबून तयार केलेली असते, आणि मजकूर समासापासून किती अंतरावर सुरू व्हावा हे फाइलमध्ये कुठेच नोंदवलेलं नसतं. ती नोंद पॅराग्राफमध्ये करायची असते. एकदा ती केली की प्रत्येक जागेसाठी टॅबची कळ एकदाच दाबायची आणि पुढचं काम प्रोग्रॅमवर सोडायचं.

खालच्या पायऱ्या विंडोजवरच्या मायक्रोसॉफ्ट वर्डच्या आहेत. लिबरऑफिस रायटर आणि गूगल डॉक्समध्ये जिथे फरक पडतो तिथे तो दिला आहे. मापं सेंटिमीटरमध्ये आहेत. तुमच्याकडे इंच दिसत असतील तर फाइल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड इथे जाऊन 'डिस्प्ले' विभागात 'शो मेझरमेंट्स इन युनिट्स ऑफ' हे सेंटिमीटर करा. आणि वर्डच्या चौकटीत माप भरताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवून इंग्रजी अंक टाका.

आधी न दिसणाऱ्या खुणा दाखवा

दुरुस्तीला हात घालण्याआधी कंट्रोल+शिफ्ट+८ दाबा. होम टॅबवरचं ¶ हे बटणही तेच करतं. रायटरमध्ये कंट्रोल+एफ१०. गूगल डॉक्समध्ये व्ह्यू मेनूत 'शो नॉन-प्रिंटिंग कॅरेक्टर्स'. या खुणा छपाईत येत नाहीत, त्यामुळे काम संपेपर्यंत चालूच ठेवा.

आता प्रत्येक मोकळ्या जागेत काय भरलं आहे ते दिसेल. लहान ठिपका म्हणजे स्पेस. उजवीकडे जाणारा बाण म्हणजे टॅब. ¶ म्हणजे एंटर, इथे पॅराग्राफ संपला. खाली येऊन डावीकडे वळलेला बाण म्हणजे शिफ्ट+एंटर, इथे फक्त ओळ तोडली आहे, पॅराग्राफ तोच चालू आहे. ठिपक्याऐवजी लहानसं वर्तुळ दिसलं तर ती न तुटणारी स्पेस असते. वेबपेजवरून चिकटवलेल्या मजकुरात ती हमखास सापडते. आणि जागा रिकामी आहे, पण तिथे एकही खूण नाही, असं दिसलं तर ती जागा इंडेंटची, म्हणजे पॅराग्राफ समासापासून आत सरकवल्याची आहे. तिथे बॅकस्पेस दाबत बसण्यात अर्थ नसतो, कारण पुसण्यासारखं अक्षरच तिथे नसतं.

जिथे दहा ठिपके ओळीने दिसतात तिथे आजार कळला. आजच्या बहुतेक फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते. 'क्ष' आणि 'र' सारखी जागा घेत नाहीत, 'शि' आणि 'श्री' घेत नाहीत. त्यामुळे दोन ओळींत सारख्याच स्पेस दिल्या तरी पुढचा शब्द एकाच जागी येईल याची काहीच खात्री नाही. स्पेस मोजून रेषा साधता येत नाही. तो नाद सोडून द्यावा.

व्ह्यू मेनूतून 'रुलर'ही चालू करा. कर्सर ज्या पॅराग्राफमध्ये आहे त्याचे टॅब स्टॉप, म्हणजे टॅब जिथे थांबतो त्या जागा, रुलरवर दिसतात.

टॅब कुठे थांबतो आणि मध्येच उडी का मारतो

टॅबची कळ ठरावीक अंतर पुढे नेत नाही. ती कर्सरच्या उजवीकडचा पुढचा टॅब स्टॉप शोधते आणि तिथे थांबते. तुम्ही एकही स्टॉप दिला नसेल तर वर्ड आपले आधीपासून ठरलेले स्टॉप वापरतो, दर १.२७ सेंमीवर (अर्धा इंच) एक. रुलरच्या खालच्या कडेला बारीक करड्या रेघा दिसतात त्या याच.

यातून नेहमीची गडबड समजते. पहिल्या ओळीत नाव २.३ सेंमी लांब आहे, टॅब दाबला, पुढचा मजकूर २.५४ वर गेला. दुसऱ्या ओळीत नाव २.७ सेंमी झालं, तर २.५४ चा थांबा मागे पडला आणि टॅब थेट ३.८१ वर गेला. लिहिणारा पहिल्या ओळीत आणखी एक टॅब घालून दोन्ही जुळवतो. पुढे फॉन्ट अर्ध्या पॉइंटने बदलला की ही जुळवाजुळव मोडते.

स्वतःचा स्टॉप दिला की त्याच्या डावीकडचे सगळे आपोआप स्टॉप त्या पॅराग्राफपुरते निघून जातात. म्हणजे ८ सेंमीवर एक स्टॉप दिला, तर नाव २ सेंमीचं असो की ७ सेंमीचं, एकाच टॅबने मजकूर ८ वरच येतो. या एका नियमावर सगळी दुरुस्ती उभी आहे.

स्टॉप पॅराग्राफमध्ये साठवले जातात, ओळीत किंवा पानावर नाही. शेवटी एंटर दाबलं की नवा पॅराग्राफ ते पुढे घेऊन जातो. पण आधीच टाइप केलेल्या वीस ओळींपैकी एकीत कर्सर ठेवून स्टॉप दिला तर तो त्या एकाच ओळीला लागतो. 'रुलरवर टॅब दिला तरी बाकीच्या ओळी हलल्या नाहीत' या तक्रारीचं उत्तर हेच. आधी सगळ्या ओळी निवडा, मग स्टॉप द्या.

स्टॉपचे प्रकार पाच. डावा: मजकूर तिथून सुरू होतो. मधला: मजकूर त्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरतो. उजवा: मजकूर तिथे संपतो. दशांश: आकड्यांचे दशांश बिंदू एकाखाली एक येतात. पाचवा 'बार', तो मजकूर हलवत नाही, फक्त त्या जागी एक उभी रेघ काढतो. मजकुरात मध्येच उभी रेघ आली आहे आणि काही केल्या निवडता येत नाही, असं झालं तर टॅब्सच्या चौकटीत 'बार' शोधा. रुलरच्या डाव्या टोकाच्या लहान चौकोनावर क्लिक करत गेलं की प्रकार बदलतात, त्यामुळे हा नकळत निवडला जातो.

रुलरवर चुकून क्लिक झालं तरी एक नको असलेला स्टॉप तयार होतो. तो काढायला माउसने धरून रुलरच्या खाली ओढून सोडा. ओढताना ऑल्ट दाबून ठेवलं तर नेमकं माप दिसतं.

स्पेस आणि टॅबनी भरलेली यादी साफ करणं

समजा चार रकान्यांची यादी आहे: क्रमांक, वस्तूचं नाव, नग, वजन. मधल्या जागांत कुठे स्पेस, कुठे टॅब, कुठे दोन्ही. कागद ए४, दोन्ही बाजूंचे समास २.५४, म्हणजे मजकुराला १५.९२ सेंमी रुंदी. फाइलची एक प्रत बाजूला ठेवून काम सुरू करा.

१. फक्त यादीच्या ओळी निवडा. पुढची शोध-बदल सगळ्या फाइलवर चालली तर चांगल्या मजकुरातल्या दुहेरी स्पेसही बदलतील. दर वेळी वर्ड 'उरलेल्या फाइलमध्येही शोधू का' असं विचारेल, 'नो' म्हणा.

२. यादीत मुद्दाम रिकामे ठेवलेले रकाने असतील तर तिथे आधी एक आडवी रेघ (–) टाका. नाहीतर पाचव्या पायरीत तो रकानाच गायब होईल आणि वजन नगाच्या जागी येईल.

३. कंट्रोल+एच. 'मोअर' दाबून खालच्या 'स्पेशल' बटणातून 'नॉनब्रेकिंग स्पेस' निवडा, बदली म्हणून एक साधी स्पेस द्या, 'रिप्लेस ऑल' करा.

४. शोधण्याच्या जागी दोन स्पेस, बदलीच्या जागी 'स्पेशल'मधून 'टॅब कॅरेक्टर'. रिप्लेस ऑल. मग टॅब आणि त्यामागे एक स्पेस शोधून जागी नुसता टॅब द्या. आधी स्पेस आणि मग टॅब, यासाठीही तेच करा.

५. दोन टॅब शोधा, एक टॅब द्या. बदलांची संख्या शून्य येईपर्यंत रिप्लेस ऑल पुन्हा पुन्हा दाबा. आता प्रत्येक दोन रकान्यांमध्ये एकच बाण दिसायला हवा. क्रमांक आणि नाव यांच्यात एकच स्पेस होती अशा ओळी सुटतील. त्या हातानेच करायच्या.

६. ओळी निवडलेल्याच असू द्या. होम टॅबवर पॅराग्राफ गटाच्या कोपऱ्यातला लहान बाण, आणि उघडलेल्या चौकटीत खाली डावीकडे 'टॅब्स'. 'क्लिअर ऑल' दाबा. यामुळे स्टॉप जातात, मजकुरातली टॅबची अक्षरं जात नाहीत.

७. १.२५ लिहा, 'लेफ्ट' निवडा, 'सेट'. १० लिहा, 'राइट', 'सेट'. १४ लिहा, 'डेसिमल', 'सेट'. मग ओके. प्रत्येक मापानंतर 'सेट' दाबायला विसरलात तर आधीचं माप पुसलं जातं आणि शेवटचंच उरतं.

नगासाठी उजवा स्टॉप घेतला कारण एकम एकमाखाली यायला हवं. डाव्या स्टॉपवर ७ आणि १२५ यांचे पहिले अंक जुळतात आणि वाचणाऱ्याची फसगत होते. वजनाच्या सगळ्या आकड्यांत दशांशानंतर सारखेच अंक असतील (४.५०, १२.७५) तर उजवा स्टॉपही तेच काम करतो. दशांश स्टॉपची खरी गरज ४.५ आणि १२.७५ एकत्र येतात तेव्हा असते.

शीर्षकाची ओळ वेगळी निवडून तिचे स्टॉप वेगळे द्या. 'वजन' या शब्दात दशांश बिंदू नाही, त्यामुळे दशांश स्टॉपवर तो पूर्ण शब्द १४ च्या डावीकडे जाऊन बसतो. शीर्षकाला १४ वर मधला स्टॉप दिला की ते आकड्यांच्या वर नीट येतं.

एखाद्या ओळीत वजन पुढे सरकलेलं दिसलं तर त्या ओळीतलं नाव १० सेंमीच्या जवळ पोचलं आहे का बघा. नाव उजव्या स्टॉपच्या पुढे गेलं की टॅब तो स्टॉप सोडून थेट १४ वर जातो. नगाचा स्टॉप ११ वर न्या, पण सगळ्या ओळी निवडून.

मांडणी पसंत पडली की ती स्टाइलमध्ये, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या मांडणीत ठेवा. ओळीत कर्सर ठेवून होम टॅबवरच्या स्टाइल्सच्या यादीतून 'क्रिएट अ स्टाइल' निवडा, ओळखता येईल असं नाव द्या, आणि सगळ्या ओळींना ती लावा. पुढे अंतर बदलायचं झालं तर 'मॉडिफाय', मग 'फॉरमॅट', मग 'टॅब्स' इथे एकदाच बदला. मोठ्या अहवालात अशा दहा याद्या असतील तर दहाही एकदम हलतात. फक्त हे स्टॉप 'नॉर्मल' स्टाइलमध्ये कधीही घालू नका, कारण बाकीच्या बहुतेक स्टाइल्स तिच्यावर बेतलेल्या असतात आणि भलत्या ठिकाणी टॅब थांबायला लागतात.

रायटरमध्ये हीच चौकट फॉरमॅट, पॅराग्राफ, टॅब्स इथे आहे. गूगल डॉक्समध्ये रुलरवर क्लिक केलं की डावा, मधला आणि उजवा असे स्टॉप मिळतात. दशांश जुळवायचे असतील तर सगळ्या आकड्यांत दशांशानंतरचे अंक सारखे करून उजवा स्टॉप द्या.

न मागता आलेलं इंडेंट

पॅराग्राफच्या सुरुवातीला टॅब दाबला आणि खूण न उमटता अख्खी ओळ किंवा अख्खा पॅराग्राफ आत गेला, तर वर्डने टॅबचं इंडेंट केलं आहे. त्याच क्षणी कंट्रोल+झेड दाबलं तर ते परत फिरतं. कायमचं बंद करायला फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, 'ऑटोफॉरमॅट अॅज यू टाइप' इथे जाऊन 'सेट लेफ्ट- अँड फर्स्ट-इंडेंट विथ टॅब्स अँड बॅकस्पेसेस' यावरची खूण काढा. त्याच पानावर 'ऑटोमॅटिक नंबर्ड लिस्ट्स' आणि 'ऑटोमॅटिक बुलेटेड लिस्ट्स' आहेत. 'सरळ १. लिहिलं तरी ओळ आत जाते' हे त्यांच्यामुळे होतं.

आधीच बिघडलेल्या पॅराग्राफवर कंट्रोल+क्यू दाबा. हाताने दिलेले इंडेंट, स्टॉप आणि ओळीतलं अंतर जाऊन पॅराग्राफ आपल्या मूळ स्टाइलवर येतो. त्यानंतरही ओळ आतच असेल तर दोष स्टाइलमध्येच आहे, ती 'मॉडिफाय' करावी लागेल. नक्की कुठून काय आलं आहे हे बघायचं असेल तर शिफ्ट+एफ१ दाबा. उजवीकडे उघडणाऱ्या पट्टीत त्या पॅराग्राफचे इंडेंट आणि टॅब मापांसह दिसतात. दुसऱ्याने तयार केलेली फाइल दुरुस्त करताना ही पट्टी फार वेळ वाचवते.

पहिली ओळ आत हवी असेल तर त्यासाठी टॅब वापरूच नका. पॅराग्राफच्या चौकटीत 'स्पेशल' इथे 'फर्स्ट लाइन' निवडून माप द्या.

क्रमांकाच्या यादीत ९ पर्यंत सगळं ठीक आणि १० पासून मजकूर पुढे ढकललेला, हाही टॅबचाच प्रकार आहे. क्रमांकानंतर वर्ड एक टॅब घालतो आणि तो लटकत्या इंडेंटवर, म्हणजे पहिली ओळ सोडून बाकीच्या ओळी जिथून सुरू होतात तिथे थांबतो. '१०.' किंवा '१००.' तेवढ्या जागेत मावत नसेल तर टॅब पुढच्या स्टॉपवर जातो. क्रमांकावर उजवं क्लिक करून 'अॅडजस्ट लिस्ट इंडेंट्स' उघडा आणि 'टेक्स्ट इंडेंट' वाढवा. क्रमांक ०.६३ वर असेल तर दोन अंकांना १.५ आणि तीन अंकांना १.९ साधारण पुरतं. फॉन्ट मोठा असेल तर थोडं जास्त. रुलरवरचे त्रिकोण ओढून एकेक ओळ दुरुस्त करू नका. यादीत नवा मुद्दा घातला की तो पुन्हा वेगळा बसतो.

हेडर आणि फूटर

हेडरमध्ये, म्हणजे प्रत्येक पानाच्या माथ्यावर येणाऱ्या ओळीत (फूटर तीच तळाशी), डावीकडे नाव, मध्ये विषय, उजवीकडे पान क्रमांक, अशा मांडणीसाठी वर्डच्या हेडर आणि फूटर स्टाइलमध्ये दोन स्टॉप आधीपासून असतात: मधला आणि उजवा. त्यामुळे नावानंतर एक टॅब आणि विषयानंतर एक टॅब, इतकंच पुरतं. जास्तीचा एक टॅब पडला की पान क्रमांक दुसऱ्या ओळीत जातो.

गडबड होते ती कागद किंवा समास बदलल्यावर. लेटर आकाराच्या टेम्प्लेटमध्ये हे स्टॉप ८.२५ आणि १६.५१ वर असतात, कारण २१.५९ मधून दोन्ही समास वजा केले की १६.५१ उरतात. फाइल ए४ केली की मजकुराची रुंदी १५.९२ होते, पण स्टॉप होते तिथेच राहतात. पान क्रमांक समासाच्या अर्धा सेंमीहून जास्त बाहेर जातो आणि मधला विषय मध्यावर नसतो. समास २ सेंमी केले तर उलट: रुंदी १७ झाली, पान क्रमांक आत अडकला. एकाच फाइलमध्ये आडवं पान आलं तर फरक फारच मोठा दिसतो, आडव्या ए४ वर मजकूर २४.६२ सेंमी रुंद असतो.

हिशोब सोपा आहे. कागदाच्या रुंदीतून दोन्ही समास वजा करा. ते उजव्या स्टॉपचं माप. त्याचं निम्मं मधल्याचं. ए४ उभ्याला १५.९२ आणि ७.९६, आडव्याला २४.६२ आणि १२.३१. हे हेडर स्टाइलमध्येच बदला. आडवी पानं वेगळ्या सेक्शनमध्ये, म्हणजे फाइलच्या स्वतंत्र मांडणीच्या भागात असतात. त्या सेक्शनच्या हेडरमध्ये 'लिंक टू प्रीव्हियस' बंद करून तिथल्या ओळीला आडव्याची मापं द्या. लिंक चालू ठेवून बदललं तर उभ्या पानांचं हेडरही हलेल.

फाइल फक्त वर्डमध्येच वापरली जाणार असेल तर आणखी चांगला उपाय आहे. हेडरमध्ये दोनदा क्लिक करा, वरच्या पट्टीवर 'इन्सर्ट अलाइनमेंट टॅब' निवडा, 'सेंटर' किंवा 'राइट' आणि 'रिलेटिव्ह टू मार्जिन' घ्या. साध्या टॅबच्या जागी हा टॅब ठेवला की तो समासाला बांधलेला राहतो, कागद बदलला तरी. फाइल इतर प्रोग्रॅमांत फिरणार असेल तर मात्र मापं मोजून दिलेले साधे स्टॉपच ठेवावेत.

हाताने केलेली अनुक्रमणिका आणि सहीच्या रेघा यांनाही उजवा स्टॉपच लागतो. ठिपके किंवा अधोरेघा टाइप करू नका, त्या कधीच एका जागी संपत नाहीत. टॅब्सच्या चौकटीत १५.९२ वर उजवा स्टॉप देऊन 'लीडर' खाली ठिपके (२) किंवा रेघ (४) निवडा. टॅबची जागा आपोआप भरते आणि सगळ्या ओळी एकाच ठिकाणी संपतात.

टॅब पुरेसा नसतो तेव्हा टेबल

रकान्यातला मजकूर एका ओळीत मावत असेल तर टॅब. एखाद्या रकान्यात मजकूर दुसऱ्या ओळीवर जाणार असेल तर टेबलच, तिथे टॅबने प्रयत्न करू नका. दुसरी ओळ नेहमी पॅराग्राफच्या डाव्या कडेला जाते आणि मग लोक एंटर व टॅब घालून ती रकान्याखाली आणतात. एक शब्द वाढला की ते सगळं मोडतं.

टॅबची यादी साफ झाली असेल (प्रत्येक जागी एकच टॅब) तर टेबल करणं मिनिटाचं काम आहे. ओळी निवडा, इन्सर्ट, टेबल, 'कन्व्हर्ट टेक्स्ट टू टेबल', 'सेपरेट टेक्स्ट अॅट' खाली 'टॅब्स'. ओके करण्याआधी वरचा रकान्यांचा आकडा बघा. चार हवे असताना पाच दाखवत असेल तर कुठल्यातरी ओळीत एक टॅब जास्त आहे. 'कॅन्सल' करून आधी तो शोधा. नंतर रेघा नको असतील तर 'नो बॉर्डर' करा.

टेबलात टॅबची कळ पुढच्या चौकोनात नेते. चौकोनाच्या आत टॅब हवा असेल तर कंट्रोल+टॅब. पण दशांश स्टॉपसाठी त्याचीही गरज पडत नाही: रकाना निवडा, मजकूर डावीकडे जुळवलेला ठेवा, रुलरवर दशांश स्टॉप द्या, आकडे आपोआप त्यावर येतात.

टेबलाच्या उभ्या रेघा ओळीओळीत वेगळ्या दिसत असतील तर आधी कुणीतरी एखादाच चौकोन निवडलेला असताना रेघ ओढली आहे. पूर्ण टेबल निवडून प्रत्येक रकान्याची रुंदी आकड्यात द्या, किंवा 'डिस्ट्रिब्यूट कॉलम्स' दाबून सगळे सारखे करून मग बदला. टाइप करताना रुंदी आपोआप वाढत असेल तर टेबल प्रॉपर्टीज, ऑप्शन्स इथे 'ऑटोमॅटिकली रिसाइज टू फिट कंटेंट्स' बंद करा.

दोन कॉलमचा मजकूर

वर्तमानपत्रासारख्या कॉलमांत पहिली चूक बहुतेक वेळा जुन्या टॅबचीच असते. १५.९२ सेंमीचे दोन कॉलम केले आणि मधली फट १.२७ ठेवली, तर प्रत्येक कॉलम साधारण ७.३ सेंमीचा होतो. जुन्या पॅराग्राफमधले १० आणि १४ चे स्टॉप आता कॉलमच्या बाहेर आहेत, म्हणून टॅबनंतरचा मजकूर खालच्या ओळीवर जातो किंवा कडेला अडकतो. कॉलम केल्यावर अशा ओळींचे स्टॉप नव्याने द्या. मापं कॉलमच्या डाव्या कडेपासून मोजली जातात, पानाच्या नाही.

मजकूर पुढच्या कॉलममध्ये न्यायला एंटर दाबत बसू नका. कंट्रोल+शिफ्ट+एंटर दाबा, पण जी ओळ पुढे जायची आहे तिच्या अगदी सुरुवातीला कर्सर ठेवून. आधीच्या ओळीच्या शेवटी दाबलं तर त्या पॅराग्राफची ¶ खूण पुढच्या कॉलमच्या माथ्यावर जाऊन बसते आणि तो कॉलम एक रिकामी ओळ खाली सुरू होतो. दोन्ही कॉलमांचे माथे जुळत नसतील तर आधी ही रिकामी खूण शोधा. ती नसेल तर पॅराग्राफच्या चौकटीतलं 'बिफोर' अंतर बघा आणि शून्य करा.

शेवटच्या पानावर एक कॉलम भरलेला आणि दुसरा अर्धा, अशा वेळी मजकुराच्या अगदी शेवटी लेआउट, ब्रेक्स, 'कंटिन्युअस' सेक्शन ब्रेक द्या. वर्ड दोन्ही कॉलम सारख्या उंचीचे करतो. सेक्शन ब्रेक पुसताना जपून: पुसल्यावर वरचा मजकूर खालच्या सेक्शनची मांडणी घेतो, आणि दोन कॉलमचं पान अचानक एका कॉलमचं होतं. असं झालं तर लगेच कंट्रोल+झेड.

शेजारच्या कॉलमांतल्या ओळी एकमेकींसमोर येत नाहीत, ही देवनागरी मजकुरात जास्त दिसणारी अडचण आहे. ओळीतलं अंतर 'सिंगल' असेल तर ओळीतल्या सर्वात उंच फॉन्टवर ओळीची उंची ठरते. मध्येच एखादा शब्द दुसऱ्या फॉन्टमध्ये आला की ती ओळ उंचावते आणि खालच्या सगळ्या ओळी सरकतात. उपाय: लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' करा. १२ पॉइंटच्या देवनागरीला १८ पासून सुरुवात करा आणि छापून बघा. रफार, वेलांट्या किंवा उकार कापले जात असतील तर एकेक पॉइंट वाढवा. मग शीर्षकाची एकूण उंची याच मापाच्या पटीत ठेवा: ओळ १८, वर १२, खाली ६, मिळून ३६, म्हणजे बरोबर दोन ओळी. इतकं करूनही एक कॉलम तळाशी एका ओळीने आखूड राहत असेल तर 'लाइन अँड पेज ब्रेक्स' मधली 'विडो/ऑर्फन कंट्रोल'ची (पॅराग्राफची एकच ओळ वेगळी पडू न देणारी) खूण काढा. रायटरमध्ये यासाठी पेज स्टाइलमध्येच ओळी पानाच्या जाळीला बांधण्याची सोय आहे.

अरुंद कॉलममध्ये दोन्ही कडा जुळवल्या (जस्टिफाय) की शिफ्ट+एंटरने तोडलेल्या ओळीतले शब्द ताणले जाऊन मध्ये मोठी भगदाडं पडतात. वर्ड त्या ओळीला पॅराग्राफची शेवटची ओळ मानत नाही. तिथे शिफ्ट+एंटर काढून साधं एंटर द्या आणि दोन पॅराग्राफमधलं अंतर शून्य करा. ओळ तोडणं भागच असेल तर तोडीच्या अगदी आधी एक टॅब टाकला की त्याच्या डावीकडचे शब्द ताणले जात नाहीत.

दुसऱ्या संगणकावर फाइल बिघडते तेव्हा

स्टॉप नीट दिलेले असतील तर फॉन्ट बदलला तरी रकाने टिकतात, ओळींची लांबी मात्र बदलते. निर्मला किंवा मंगल फॉन्ट जिथे नाही तिथे प्रोग्रॅम दुसरा फॉन्ट घेतो, शब्द रुंद किंवा अरुंद होतात आणि काठावर मावलेलं नाव स्टॉपच्या पलीकडे जातं. म्हणून नाव आणि पुढचा स्टॉप यांच्यात निदान एक सेंमी मोकळं ठेवा. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' आहे. रायटरमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टच्या पानावर तशीच सोय मिळते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल तर सगळ्याच रुंद्या बदललेल्या असतात. तिथे जुने स्टॉप जपत बसू नका; क्लिअर ऑल करून नव्याने द्या.

वर्डमध्ये स्टॉपचं माप समासापासून मोजतात, तर रायटरच्या स्वतःच्या फाइलमध्ये ते पॅराग्राफच्या इंडेंटपासून मोजलं जातं. इंडेंट शून्य असेल तर काही फरक नाही. इंडेंट १ सेंमी असेल तर वर्डमधला ८ चा स्टॉप रायटरच्या नव्या फाइलमध्ये ७ लिहावा लागतो. एका प्रोग्रॅममधली मापं बघून दुसऱ्यात हाताने भरताना हे लक्षात ठेवा. आणि समोरच्याला फाइलमध्ये बदल करायचे नसतील, फक्त वाचायची किंवा छापायची असेल, तर पीडीएफ पाठवा. त्यात काहीही सरकत नाही.